गोठ्यात उघडलेली पोथी
ठाकर आदिवासी कला आंगण, गुढीपूर-पिंगुळी : वीस वर्षांचा मागोवा

कुडाळला लागून असलेल्या पिंगुळीत बाहेरून येणारी बहुतेक माणसं राऊळ महाराजांच्या मठासाठी येतात. त्याच गावातली गुढीपूर ही ठाकरांची वाडी. तिथे ३ मे २००६ रोजी परशुराम विश्राम गंगावणे यांनी घरचा गुरांचा गोठा साफसूफ करून त्यात चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि वाद्यं मांडली, आणि ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ सुरू झालं. पुढे २०२१ च्या पद्म पुरस्कारांत गंगावणे यांचं नाव पद्मश्रीसाठी जाहीर झालं. त्या वर्षी महाराष्ट्रातून सिंधुताई सपकाळ, गिरीश प्रभुणे, नामदेव कांबळे यांच्या पंक्तीत ते बसले. इतिहास या दोन टोकांत बांधला की तो गोठ्यापासून राष्ट्रपती भवनापर्यंतचा प्रवास होतो, आणि स्मरणिकांना असा प्रवास आवडतोही. पण संस्थेच्या नावाकडे नीट पाहिलं तर वेगळाच प्रश्न पडतो. मांडलं ते संग्रहालय, मग पाटीवर ‘आंगण’ का? माझ्या मते या एका शब्दात संस्थेचं सगळं शहाणपण आहे. जमवलेल्या वस्तूंइतकंच, किंबहुना काकणभर जास्त, मोल त्या हाताळायला आणि त्यांची गोष्ट ऐकायला मोकळ्या ठेवलेल्या जागेला आहे. चित्रकथीपुरतं तरी प्रदर्शन एकटं उभं राहूच शकत नाही, आणि त्याला ज्याचा टेकू लागतो ती म्हणजे अंगणातली कार्यशाळा.

हे पटायला आधी पोथी म्हणजे काय ते पाहावं लागतं. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा; एका आख्यानाची एक पोथी, तिच्यात तीस-चाळीस किंवा त्याहून जास्त चित्रं. कागद फूट-दीड फुटाचा. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, त्यामुळे प्रत्येक पानाला दोन तोंडं. निवेदक खाली बसतो, पान समोर उभं धरतो, वीणा आणि टाळ वाजत असतात, शेजारचा साथीदार हुडूक हे चर्मवाद्य धरून ‘जी जी’ची साथ देतो. प्रसंग गाऊन झाला, त्यावर बोलून झालं, की पान उलटतं आणि मागचा प्रसंग पुढे येतो. चित्रातले चेहरे एका बाजूने दिसणारे, डोळे टपोरे, अंगावर दागिन्यांची गर्दी, मागची जागा बहुधा मोकळी. दोन योद्धे समोरासमोर उभे असतात; त्यातला बभ्रुवाहन कोणता आणि अर्जुन कोणता, बापलेक एकमेकांवर का उठलेत, हे नुसत्या चित्रावरून कळत नाही. ते गाण्यात असतं. म्हणजे चित्र हे अर्धं वाक्य आहे, उरलेलं अर्धं गाणाऱ्याच्या तोंडात. आता हेच पान काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर टांगलं तर काय होतं? वाक्याचा उरलेला अर्धा भाग जातोच, शिवाय पाठीवरचं चित्र भिंतीकडे तोंड करून कायमचं बसतं. उत्तम प्रकाशयोजना, नेटक्या चिठ्ठ्या, दोन भाषांतली माहिती, सगळं असूनही प्रेक्षकाने पाहिलेलं असतं निम्म्याचं निम्मं. दोष मांडणाऱ्याचा नाही. ही वस्तूच मुळी पाहून संपणारी नाही.

चित्रं दाखवून कथा सांगण्याची रीत या भागात जुनी. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात अशा कथेकऱ्यांचा उल्लेख येतो. पिंगुळीच्या ठाकरांना सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांचा आश्रय मिळाला आणि देवळांतून, विशेषतः नवरात्रात, आख्यान लावण्याचा मान त्यांच्याकडे आला. शिवकाळात ठाकर कलावंत वेषांतर करून हेरगिरी करत, असंही वाडीत अभिमानाने सांगतात. ती आठवण जपावी, पण संस्थेच्या इतिहासाचा पाया तिच्यावर रचू नये; देवळातल्या मानाचा पाया पुरेसा भक्कम आहे. कोकणात मान म्हणजे केवळ सन्मान नव्हे. कोणत्या घराने कोणत्या दिवशी कोणतं काम करायचं, त्याबद्दल त्याला काय मिळायचं, आणि ते केलं नाही तर गाव विचारणार, अशी ती बांधलेली घडी. तिच्यात कलावंत, श्रोता, तारीख आणि शिधा हे चारही ठरलेले असत. १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान विलीन झालं, राजाश्रय आटला. पाठोपाठ सिनेमा आला, पुढे दूरदर्शन, आणि वाडीतले हात मुंबईच्या गाडीला लागले. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला तोवर चित्रकथी ऐकणारा श्रोता विरळ झाला होता.

इथे एक तुलना टाळता येत नाही. याच मातीतलं, याच देवळांतलं, हीच पुराणं सांगणारं दशावतारी नाटक मात्र जोरात आहे. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर ही मंडळांची नावं आजही जत्रेच्या हंगामात घराघरांत घेतली जातात. दशावताराला कुणी संग्रहालय बांधलं नाही, आणि त्याची गरजही कुणाला भासली नाही. कारण जत्रा टिकली, जत्रेतला रात्रभर बसणारा माणूस टिकला. चित्रकथीचा श्रोता त्या तुलनेने मूठभर, अगदी जवळ बसणारा. हातभर कागदावरचं चित्र दहाव्या रांगेतून दिसत नाही. रंगमंच मोठा करता येतो, पान मोठं करता येत नाही. म्हणून गर्दीच्या काळात दशावतार तगला आणि पोथी बासनात गेली. यातून निघणारा निष्कर्ष संस्थेच्या कामाशी थेट भिडतो. कला वाचवायची तर तिचा श्रोता परत बसवावा लागतो, आणि चित्रकथीचा श्रोता सभागृहात नाही, अंगणातच बसू शकतो.

प्रदर्शनांचा आपला अनुभवही हेच सांगतो. सावंतवाडीच्या कारागिरीचं कौतुक काही आजचं नाही. १८८० साली निघालेल्या मुंबई गॅझेटियरच्या दहाव्या खंडात, जो रत्नागिरी आणि सावंतवाडीचा आहे, इथल्या हस्तव्यवसायांची दखल आहे. वाळ्याचे पंखे, त्यांना लावलेले चमकदार किड्यांचे पंख, अशा नाजूक वस्तूंची नोंद सापडते. वाळ्याचं ते काम आज सावंतवाडीच्या बाजारात मागायला जा, दुकानदार तोंडाकडे बघेल. नोंद झाली, वाहवा झाली, कसब गेलं. चित्रकथीच्या बाबतीत तर वस्तूबरोबर गावाचं नावही गेलं. पिंगुळीच्या पोथ्यांशी सख्खं नातं असलेली कितीतरी चित्रं संग्राहकांच्या जगात ‘पैठणची चित्रं’ म्हणून ओळखली जातात, कारण ती तिकडे हाती लागली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी ही चित्रं जपली गेली, हे उपकारच; ती तिथे गेली नसती तर वाळवीने खाल्ली असती. पण पान सांगणाऱ्यापासून तुटलं की आधी त्याची गोष्ट जाते, मग क्रम जातो, शेवटी पत्ताही बदलतो. संग्रहालयं कागद वाचवतात. आख्यान वाचवण्याची सोय त्यांच्याकडे नसते, आणि तशी अपेक्षा करणंही अन्यायाचं.

या म्हणण्यावर सगळ्यात तगडा आक्षेप आपल्याच जिल्ह्यातून, सावंतवाडीहून येतो: गंजिफा. दशावतारी गंजिफांचा संच १२० पानांचा, दहा अवतारांचे दहा हुकूम, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. दिवसा खेळ मांडला तर सुरुवात रामाच्या पानाने, रात्री मांडला तर कृष्णाच्या. किती सुरेख नियम! आणि आज तो किती घरांत पाळला जातो? जवळजवळ कुठेच नाही. खेळ संपला तरी गंजिफा मात्र संपल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्याला ही विद्या येणारे चितारी बोटांवर मोजण्याइतके उरले होते. तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच काम सुरू केलं, नव्या हातांना शिकवलं, स्वतः राणीसाहेब कुंचला घेऊन बसल्या. आज राजवाड्यात जाणाऱ्याला गंजिफा रंगवणारे कारागीर समोर बसलेले दिसतात, आणि सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. मग खेळाशिवाय गंजिफा जगू शकते, तर कथेशिवाय चित्रकथी का जगू नये? चांगली चित्रं काढावी, चौकटीत घालून विकावी, कारागिराचं पोट भरावं. त्यात वाईट ते काय?

उत्तर वस्तूच्या घडणीत आहे. गंजिफेचं एकेक पान मुळातच पूर्ण चित्र आहे. कूर्म म्हणजे कूर्म, वामन म्हणजे वामन. खेळ माहीत नसला तरी तळहाताएवढ्या त्या गोल पानाचं देखणेपण उणावत नाही. शिवाय गंजिफेचा पट मर्यादित आहे. १२० पानं रंगवणाऱ्याला संपूर्ण संच ठाऊक असतोच, त्याशिवाय काम पुरं होत नाही. चित्रकथीचं पान तसं नाही. एकच आवडतं पान, म्हणजे बहुधा गणपती नाहीतर रथातला राम, पुन्हा पुन्हा काढून विकत राहिलं तर दहा वर्षांत ते पान उत्तम येणारे दहा हात तयार होतील आणि अख्खी पोथी ओळीने सांगू शकणारा एकही उरणार नाही. बाजाराचा ओढा त्या दिशेलाच असतो, कारण पर्यटकाच्या पिशवीत एक पान मावतं, पोथी मावत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. राजवाड्यातही गंजिफा वाचल्या त्या कपाटात ठेवून नव्हेत. रंगवणारा माणूस येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बसवला म्हणून वाचल्या. आक्षेप म्हणून पुढे केलेलं उदाहरण असं माझ्याच बाजूला येऊन बसतं.

गुढीपूरच्या आंगणाने नेमकं काय केलं ते या पार्श्वभूमीवर पाहावं. वस्तू गोठ्यात मांडल्या, पण दाखवणारा माणूस घरचा ठेवला; तो पान काढतो, गातो, उलटतो. बाहुल्यांचा खेळ शेजारीच होतो. येणाऱ्याला बाहुली हातात घेता येते, दोऱ्या ओढून पाहता येतात, आणि कार्यशाळेला बसलेल्याला ती घडवूनही पाहता येते. कळसूत्री बाहुली हातात घेतल्याशिवाय एक गोष्ट कळत नाही: बाहुलीचा सगळा अभिनय तिच्या वजनात असतो. दोरी ओढली की हात उठतो हे कुणालाही येतं. दोरी सोडताना तो हात धपकन न पडता विसावला पाहिजे, हे बोटांना शिकावं लागतं. पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येकाची बाहुली झिंगलेली दिसते. त्या पाच मिनिटांत शिकाऊ माणसाला समोरच्या कलावंताच्या बोटांची किंमत जितकी कळते तितकी भिंतीवरच्या शंभर ओळी वाचून कळणार नाही. चित्रकथी आणि दोन तऱ्हेच्या बाहुल्या यांच्याखेरीज पांगुळ बैल, राधानृत्य अशा ठाकरांच्या इतर कलाही आंगणाने आपल्या मानल्या, दाखवल्या. गंगावण्यांची पुढची पिढी यात उतरली आहे, हे मला पुरस्काराहून मोठं वाटतं.

‘एका दिवसाच्या कार्यशाळेत कोण कलावंत होतो?’ असं विचारणारे भेटतात. खरंच कुणी होत नाही, आणि व्हावं अशी अपेक्षाही नाही. तिथून कलावंत बाहेर पडत नाही, श्रोता बाहेर पडतो. पूर्वीच्या देवळातल्या माणसाला बभ्रुवाहन आधीच ठाऊक असे. तो ऐकायला येई ते आज कसं सांगतात ते. आजच्या मुलाला अर्जुन मालिकेमुळे माहीत असतो, बभ्रुवाहन नसतो, महिरावण तर नसतोच. त्याला निदान अर्धा दिवस चिकणमाती, कागद, रंग, दोरा यांच्यात बसवून गोष्ट ऐकवली तर पुढच्या वेळी तो जाणकार म्हणून बसेल. दुसरं, आणि हे हिशेबाचं: ज्या दिवशी कार्यशाळा असते त्या दिवशी पोथी उघडावीच लागते. गावकीची तारीख जाऊन तिच्या जागी शाळेच्या सहलीची तारीख आली, इतकंच. वापरात नसलेलं आख्यान विसरलं जातं. महिन्यातून चार वेळा सांगावं लागणारं आख्यान विसरता येत नाही.

शुद्धतेचा मुद्दाही निघतो. स्वच्छता, पर्यावरण असे विषय बाहुल्यांकडून वदवून घेतले की जुन्या जाणत्यांच्या कपाळाला आठी पडते. ती आठी मला समजते. प्रचाराच्या खेळात बाहुली बऱ्याचदा बोलकी भिंत होऊन बसते, हेही मान्य. तरी परंपरा अशी काचेत गोठलेली कधीच नव्हती. चामड्याच्या छायाबाहुल्यांना पूर्वी हरणाचं कातडं लागे; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते शक्यच नव्हतं, तेव्हा बकऱ्याचं कातडं आलं. दिव्याच्या जागी वीज आली. या बदलांनी कला मोडली नाही, कारण आख्यानाची चौकट शाबूत होती. म्हणून माझी मर्यादा वेगळ्या ठिकाणी आहे. नवा विषय जरूर घ्यावा, पण जुन्या आख्यानाचं वर्षभराचं वेळापत्रक त्यापायी रिकामं पडता कामा नये. वारली चित्रकलेचा धडा ताजा आहे. लग्नघरातला चौक, म्हणजे लग्नाचं मंगल चित्र, सुवासिनींच्या हातून भिंतीवर उतरत असे. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींच्या प्रयत्नाने तो कागदावर आला, जिव्या सोमा म्हशे यांच्यासारख्या प्रतिभावंताने त्याला जगात नेलं, आणि त्यामागून कपबशा, पडदे, उशांचे अभ्रे यांवर नाचणाऱ्या त्रिकोणी आकृत्यांचा असा पूर लोटला की त्या कुणी काढल्या हे विचारण्याची सवयच मोडली. वारलीचं चित्र स्वतःच्या पायावर उभं राहतं, म्हणून ती या पुरात टिकली तरी. चित्रकथीचा पाय कथेत आहे.

राहिला सर्वांत अवघड आक्षेप: ही संस्था समाजाची की एका घराची? गुढीपुरात ठाकरांची अनेक घरं आहेत, आणि गणपत मसगे यांच्यासारख्या बाहुलीकारांनीही पिंगुळीचं नाव दूरवर नेलं आहे. एका घराच्या गोठ्यात उभं राहिलेलं आंगण सगळ्यांचं कसं म्हणायचं? इतिहास लिहिताना हे झाकून चालणार नाही. परंतु कोकणात वाचनालयं, नाट्यमंडळं, शाळा, बहुतेक संस्था कुणाच्या तरी ओटीवरच सुरू झाल्या. सावंतवाडीच्या गंजिफांचं पुनरुज्जीवनही एका घरानेच केलं, फक्त ते घर राजवाडा होता. घरातून सुरुवात होण्यात गैर काही नाही. सगळ्यांची म्हणावी अशी संस्था होते ती पुढच्या कामाने. वाडीतल्या कोणत्या घराकडे कोणती पोथी आहे, कोणतं आख्यान कोणाला अथपासून इतिपर्यंत येतं, कोणत्या चालीवर येतं, कोणत्या गावच्या देवळात कोणाचा मान, याची एक वही हवी, आणि ती सगळ्या घरांनी मिळून लिहिलेली हवी. बाहेरच्यांना शिकवलं तर आमचा हक्क जाईल, ही धास्तीही अशा वहीनेच कमी होईल. देवळातला मान कार्यशाळेने वाटला जात नाही. तो ज्या घराचा त्याच घराचा राहतो. शिकणारा नेतो तो हाताचा थोडा सराव आणि कानात राहिलेली गोष्ट. ती जितक्या कानांत जाईल तितकी वाडीचीच बाजू बळकट होते. नक्कल करणाऱ्याला कार्यशाळेची गरज कधीच नव्हती. त्याला मोबाइलवरचा एक फोटो पुरतो.

पुढच्या वर्षांसाठी संस्थेने आणि येणाऱ्यांनी मिळून एक लहानशी रीत पाडावी, अशी विनंती आहे. इथून विकत गेलेल्या प्रत्येक चित्राच्या मागे चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: आख्यान कोणतं, पोथीतलं कितवं पान, मूळ पोथीत त्याच्या पाठीला कोणता प्रसंग आहे, आणि हे चित्र कोणी काढलं. चित्र नेणाऱ्याने ते लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. त्यासाठी पाच-दहा मिनिटं बसावं लागलं तर बसावं, आणि आधीचं पान कोणतं होतं तेही विचारावं. सांगणारी माणसं गुढीपुरात आज आहेत.